तीन पैशांचा चिमटा : ‘ईदगाह’मधला हामिद पाच वर्षांचाच कसा राहतो?

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ एका वाक्यात सांगायची तर अशी : आईबाप वारलेला चार-पाच वर्षांचा हामिद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेला जातो, खेळणं घेत नाही, मिठाई खात नाही आणि आजीची बोटं तव्यावर भाजतात म्हणून तिच्यासाठी लोखंडी चिमटा घेऊन येतो. १९३३ साली आलेली ही कथा आजही हिंदीच्या वर्गात शिकवली जाते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘अंतरा’ या पुस्तकात ती आहे. परीक्षेत ‘हामिदचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न आला की त्यागी, समंजस, प्रेमळ अशी तीन विशेषणं लिहून मुलं मोकळी होतात.

या तीन विशेषणांवरच माझा आक्षेप आहे. ती चूक नाहीत, पण ती कथेच्या शेवटी आजीच्या मनात उमटलेली विशेषणं आहेत. हामिद स्वतः कथाभर तसा दिसत नाही. तो हट्टी आहे, मानी आहे, मित्रांवर रुसलेला आहे, भांडणात खोटं खेळतो, बढाया मारतो. आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

लेखक म्हणून प्रेमचंदांपुढची अडचण सोपी नव्हती. चार-पाच वर्षांचं मूल भरल्या जत्रेत खेळण्यांकडे पाठ फिरवून स्वयंपाकघरातली वस्तू विकत घेतं, हे पटवायचं कसं? पटलं नाही तर कथा पहिल्याच तपासणीत कोसळते. आणि उपदेशाच्या जोरावर पटवलं तर ती संस्कारकथा होते. तसली मुलं आपल्याला चांगली ठाऊक आहेत : चेहरा लहान मुलाचा आणि तोंडात आजोबांची वाक्यं. हामिदचं तसं होत नाही. का होत नाही, ते कथेच्या बांधणीत शोधता येतं. त्यासाठी हे एकच प्रकरण जवळून पाहू.

पैशांचा हिशेब

कथा सुरू होते ती साऱ्या गावाच्या लगबगीने. तीस रोजे संपून ईद आली आहे. झाडं, शेतं, आभाळ सगळं वेगळंच दिसतंय आणि सूर्यसुद्धा जणू जगाला ईदच्या शुभेच्छा देतोय. कुणाच्या कुडत्याला बटण नाही म्हणून तो सुई-दोरा आणायला शेजारी धावतोय, कुणाचे जोडे कडक झालेत म्हणून तो तेल आणायला तेल्याकडे निघालाय. ही चेतनगुणोक्ती आणि ही घाई, दोन्ही मुलांच्या नजरेतून आलेली आहेत. पहिल्याच परिच्छेदात निवेदकाने आपली उंची कमी करून घेतली आहे. तो मोठ्या माणसाच्या जागेवरून खाली पाहत नाही, मुलांच्या घोळक्यातून चालतो.

मग लगेच पैसे मोजणं सुरू होतं. महमूद खिशातला खजिना काढून मोजतो : बारा पैसे. मोहसिनकडे पंधरा. हामिदकडे तीन. त्या काळी चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे मोहसिनकडे जवळजवळ चार आणे, महमूदकडे तीन आणे आणि हामिदकडे पुरता एक आणाही नाही. हे तीन पैसे कुठून आले तेही कथेत आहे. आजी अमीनाने कुणाचे तरी कपडे शिवून आठ आणे मिळवले होते. ते ईदसाठी जिवापाड जपले होते, पण आदल्या दिवशी गवळण पैशांसाठी अडून बसली. उरले दोन आणे. त्यातले तीन पैसे हामिदच्या खिशात, पाच आजीच्या बटव्यात.

वाचताना हे आकडे मागे पडतात, पण कथेची सगळी मांडणी त्यांच्यावर उभी आहे. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात लाकडी घोडे-उंट आहेत आणि एका पैशात पंचवीस फेऱ्या मिळतात. हामिद दूर उभा राहतो, आणि निवेदक सांगतो की थोडंसं गरगरण्यासाठी तो आपल्या खजिन्याचा तिसरा हिस्सा देऊ शकत नाही. ‘तिसरा हिस्सा’ हे निवेदकाचे शब्द, ‘खजिना’ मुलाचा, आणि हिशेब दोघांचा मिळून. प्रेमचंद इथे अवतरणचिन्हं न घालता निवेदकाच्या वाक्यात हामिदचा विचार मिसळून टाकतात. त्यामुळे ‘हामिद काटकसरी होता’ असं कुठेही म्हणावं लागत नाही. आपण त्याच्याबरोबर भागाकार करतो.

मातीची खेळणी दोन-दोन पैशांना आहेत. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती म्हणजे पखालीने पाणी भरणारा, नूरे वकील. एवढं महागडं खेळणं कसं घ्यायचं, असा हामिदचा प्रश्न आहे. पण तीन पैशांत एक खेळणं येऊ शकत होतं, आणि वर पाळण्यातही एकदा बसता आलं असतं. म्हणजे हामिदपुढे निवड होती, आणि निवड असल्याशिवाय स्वभाव दिसत नाही. त्याच्याकडे एकच पैसा असता तर ती फक्त गरिबीची कथा झाली असती, पंधरा असते तर चिमट्याला काही किंमतच राहिली नसती. तीन हा आकडा फार नेमका निवडलेला आहे.

तोंडाने तो खेळण्यांना नावं ठेवतो : मातीची आहेत, पडली की चक्काचूर. पण निवेदक त्याचे डोळे आणि हातही दाखवतो. डोळे आशाळभूत आहेत, हात नकळत पुढे जातात. बोलणं एक आणि शरीर दुसरं, ही साधी युक्ती मुलाच्या पात्राला विशेष शोभते, कारण मुलाला शब्द आवरता येतात, हात आवरता येत नाहीत.

त्याला माहीत नसलेलं

हामिदचे वडील आदल्या वर्षी पटकीने गेले. आई त्यानंतर पिवळी पडत गेली आणि एक दिवस तीही गेली. हामिदला सांगितलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत, थैल्या भरून आणतील. अम्मीजान अल्लामियाँच्या घरी गेली आहे, तिकडून छान छान वस्तू आणेल. हामिद यावर खूश आहे. पायात जोडे नाहीत, डोक्यावरच्या जुन्या टोपीची जर काळी पडली आहे, तरी तो खूश आहे.

वाचकाला ठाऊक, पात्राला नाही. नाटकातला उपरोध म्हणतात तो हाच. बहुतेक लेखक याचा उपयोग वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी करतात आणि पुढे ते विसरून जातात. प्रेमचंद विसरत नाहीत. ही खोटी आशा ते जपून ठेवतात आणि दुकानापुढच्या प्रसंगात पुन्हा बाहेर काढतात.

याच भागात आणखी एक छोटा प्रसंग आहे. अमीना कोठडीत बसून रडतेय. घरात ईदपुरतं धान्य नाही, मुलगा आबिद असता तर ईद अशी आली असती का, म्हणून झुरतेय. तीन कोसांची वाट आहे, नातवाच्या पायात जोडे नाहीत, तो गर्दीत हरवला तर काय! बरोबर जावं तर शेवया कोण करणार? आणि हामिद आत येऊन तिला सांगतो की तू घाबरू नकोस, मी सगळ्यांच्या आधी परत येईन. जायचंय त्याला, हरवण्याची भीती आहे त्याच्याबद्दल, आणि धीर तो देतोय. भूमिकांची ही अदलाबदल आपण हसून सोडून देतो, कारण कुठलंही पाच वर्षांचं मूल घराबाहेर पडताना असंच ऐटीत बोलतं. कथेच्या शेवटी तीच अदलाबदल मोठ्या रूपात घडते, तेव्हा ती अचानक टपकलेली वाटत नाही, कारण तिचं बी इथे पडलेलं असतं.

वाटेत जिन्नांच्या गप्पा निघतात. इतर मुलं जिन्न काय काय करतात ते रंगवून सांगतात. हामिदचा प्रश्न निराळा आहे : त्यांना खूश कसं करतात? कुणी तो मंत्र सांगितला तर मी एखाद्याला खूश करून घेईन. मंत्राने जिन्न वश होतो यावर ज्याचा विश्वास आहे, तोच मुलगा तासाभराने दुकानदाराशी घासाघीस करणार आहे. त्याच्या व्यवहारी डोक्याला वयाची मर्यादा आहे, हे लेखकाने आधीच दाखवून ठेवलं.

ईदगाहवरचा नमाज मी इथे थोडक्यात आटोपतो, पण एक गोष्ट नोंदवायला हवी. तिथे रांगेत श्रीमंत-गरीब भेद नाही, लाखो डोकी एकदम झुकतात आणि एकदम उठतात, आणि निवेदक त्याला बंधुत्वाच्या धाग्यात ओवलेल्या माळेची उपमा देतो. नमाज संपतो, मुलं बाजारात शिरतात आणि पुढच्याच क्षणापासून प्रत्येकाची जागा खिशातल्या पैशांवर ठरते. हामिदचं एकटं पडणं या लागून आलेल्या दोन प्रसंगांमुळे दुप्पट बोचतं, त्यासाठी एकही दुःखाचा शब्द खर्चावा लागत नाही.

दुकानापुढचं स्वगत

कथेचा गाभा लोखंडी सामानाच्या दुकानापुढे आहे, आणि तिथे जाण्याआधी मिठाईचा प्रसंग घडतो. मोहसिन हामिदला रेवडी देऊ करतो, हामिद हात पुढे करतो, आणि मोहसिन ती रेवडी स्वतःच्या तोंडात टाकतो. सगळे टाळ्या पिटून हसतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. चिमटा दिसतो तेव्हा हामिद शांत मनाने आजीचा विचार करत उभा नाही, तो नुकताच चारचौघांत अपमान होऊन आलेला आहे.

चिमटा दिसतो तशी आजी आठवते. तिच्याकडे चिमटा नाही, तव्यावरून रोट्या काढताना बोटं भाजतात. त्याच्या मनात चिमट्याचे उपयोग रांगेने येतात : रोट्या तव्यावरून काढा, चुलीत शेका, कुणी विस्तव मागायला आलं तर पटकन निखारा काढून द्या. हा भाग संस्कारकथेतही शोभला असता. पण प्रेमचंद इथे थांबत नाहीत, आणि यापुढचं स्वगत मला सगळ्या कथेत सर्वांत अचूक वाटतं.

हामिदचं लक्ष पाणपोईकडे जातं. तिथे मित्र सरबत पीत आहेत. आणि विचारांची गाडी भलतीकडेच वळते. सगळे किती हावरट आहेत! एवढी मिठाई घेतली, मला एकाने दिली नाही. वर म्हणतात आमच्याशी खेळ, आमचं हे काम कर. आता सांगू देत कुणी काम, मग बघतो. खाऊ देत मिठाई, तोंडं सडतील, अंगावर फोड-पुटकुळ्या उठतील, जिभेला चटक लागेल, मग घरातून पैसे चोरतील आणि मार खातील. पुस्तकात काय खोटं लिहिलंय?

हा शाप आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाचाच शाप आहे. ‘पुस्तकात लिहिलंय’ हा त्यातला भक्कम पुरावा. म्हणजे मोठ्या माणसांचा उपदेश या कथेत येतो, पण हामिदच्या तोंडी येतो आणि मित्रांवर सूड उगवायच्या कामी येतो. निवेदकाने हेच वाक्य स्वतःच्या आवाजात म्हटलं असतं तर ते कीर्तन झालं असतं. मुलाच्या रुसव्यात घातल्यामुळे ते स्वभावचित्र झालं.

यानंतर तो शेवटचा प्रसंग मनात रंगवतो. चिमटा बघताच अम्मा, म्हणजे आजी, धावत येऊन हातातून घेईल, म्हणेल माझ्या लेकराने माझ्यासाठी चिमटा आणला, हजार आशीर्वाद देईल, शेजारणींना दाखवेल, गावभर चर्चा होईल. या लोकांच्या खेळण्यांना कोण आशीर्वाद देणार? म्हणजे चिमट्याच्या मोबदल्यात त्याला काहीतरी हवं आहे. कौतुक हवं आहे, आणि तेही मित्रांना मिळणार नाही असं. मी गरीब असेन, पण कुणाकडे मागायला जात नाही, असा ताठाही त्यात आहे. याला कुणी स्वार्थ म्हणेल. मी म्हणतो, या हव्यासामुळेच तो त्याग पटतो. ज्याला काहीच नको असतं, त्याने काही सोडलं तर त्याची नोंद कोण घेणार?

आणि मग तोऱ्याच्या भरात तो म्हणून जातो : अब्बाजान कधी ना कधी येतीलच, अम्मीही येईल. मग एकेकाला टोपल्या भरभरून खेळणी देईन आणि दाखवून देईन की दोस्तांशी कसं वागायचं असतं. सुरुवातीला जपून ठेवलेली खोटी आशा इथे वर येते. वाचकाला ठाऊक आहे की कुणी येणार नाही. हामिद रडत नाहीये, तो भाव खातोय, सूडाचा बेत आखतोय, आणि तो बेतसुद्धा खेळणी वाटण्याचा आहे. एकाच वाक्यात बढाई, चीड, दिलदारपणा आणि वाचकापुरतं उरलेलं दुःख. करुण रसाचा एक शब्द नसताना हे वाक्य जेवढं दुखतं, तेवढं अमीनाचं रडणंही दुखत नाही.

शेवटी तो स्वतःला सांगतो की सगळे हसतील, हसू देत. आणि किंमत विचारतो.

दुकानदार म्हणतो, हे तुझ्या कामाचं नाही. हामिद विचारतो, विकायचाय की नाही? सहा पैसे. त्याचा जीव खाली जातो. मग ठीक-ठीक पाच. आता तो मन घट्ट करून विचारतो, तीन पैशांना देणार? आणि उत्तर न ऐकताच पुढे चालू लागतो, दुकानदाराचं ओरडणं ऐकावं लागू नये म्हणून. पण दुकानदार ओरडत नाही, हाक मारून चिमटा देतो. बाजारात मुरलेला माणूस भाव पाडण्यासाठी उठून चालू लागतो. हामिद भीतीने चालू लागतो. कृती तीच, कारण वेगळं. लेखकाने कारण सांगितलं नसतं तर हामिद चलाख व्यापारी वाटला असता. अर्ध्या वाक्याचं कारण दिलं आणि वय सावरलं.

चिमट्याची बंदूक

चिमटा हातात आला की हामिद तो बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो आणि ऐटीत मित्रांकडे येतो. आतापर्यंत चिमटा ही आजीची वस्तू होती. विकत घेतल्याच्या दुसऱ्या क्षणी ती खेळणं झाली. पुढे जी हमरीतुमरी होते ती मी वारंवार वाचतो, कारण तिथे प्रेमचंदांनी एक मोठी गोष्ट केली आहे. उपमा, रूपकं, अतिशयोक्ती हे सगळे अलंकार त्यांनी हामिदच्या हवाली केले आहेत.

चिमटा खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, ताल धरला तर वाद्य. कुणाच्याही खेळण्याला हाणला तर त्याचा जीव जाईल, पण कुणाच्या खेळण्याने याचा केस वाकडा होणार नाही. माझा चिमटा बहादूर आहे, वाघ आहे, रुस्तम-ए-हिंद आहे. सम्मी या आणखी एका मित्रावर एवढी छाप पडते की तो आपली दोन आण्यांची खंजिरी बदल्यात द्यायला तयार होतो. मोहसिन म्हणतो, पण हा पाणी तर भरू शकत नाही! हामिद म्हणतो, एक दम भरला की तुझा भिश्ती पळत पळत पाणी आणून दारात शिंपडेल. कुणी म्हणतं, तुझ्या चिमट्याचं तोंड रोज आगीत भाजेल. हामिद म्हणतो, आगीत उडी बहाद्दरच घेतात, तुमचे वकील-शिपाई घरात जाऊन लपतील.

वीररसाचं हे विडंबन वाचायला गमतीचं आहे. पण हामिदसाठी ही लढाई गमतीची नाही. ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याजवळ शब्द आहेत, आणि त्या शब्दांवर त्याला रेवडीचा हिशेब चुकता करायचा आहे. त्याची कल्पनाशक्ती दाखवण्यासाठी लेखकाने ‘हामिद कल्पक होता’ असं म्हटलेलं नाही. त्याने हामिदला कवी केलं आणि श्रोते म्हणून त्याच्याच मित्रांना समोर बसवलं.

आणि मग एक खरोखर अडचणीचा प्रश्न येतो. महमूद म्हणतो, वकीलसाहेब टेबल-खुर्चीवर बसतील, तुझा चिमटा स्वयंपाकघरात जमिनीवर पडून राहील. यावर हामिदला उत्तर सुचत नाही. खरं उत्तर तर सोपं होतं : हो, स्वयंपाकघरातच राहील, त्यासाठीच घेतलाय, आजीची बोटं भाजतात. शहाण्या, त्यागी हामिदने हेच सांगितलं असतं. कथेतला हामिद मात्र दांडगाई सुरू करतो. म्हणे, माझा चिमटा स्वयंपाकघरात राहणारच नाही, वकीलसाहेब खुर्चीवर बसले की जाऊन त्यांना खाली पाडेल आणि त्यांचा कायदा त्यांच्या पोटात घालेल!

निवेदक कबूल करतो की यात अर्थ काही नव्हता, निव्वळ शिवीगाळ होती. पण कायदा पोटात घालण्याची गोष्ट अशी जमली की तिघेही गप्प. ज्या कारणासाठी चिमटा घेतला, तेच कारण हामिद मित्रांसमोर नाकारतो. आजीचं स्वयंपाकघर चव्हाट्यावर आणायची त्याला लाज वाटते, की त्या क्षणी ते त्याच्या डोक्यातच नाही? कथा सांगत नाही. मला दुसरी शक्यता जास्त पटते. खेळात रंगलेल्या मुलाच्या मनात एका वेळी एकच जग असतं, आणि त्या क्षणी ते जग रुस्तम-ए-हिंदचं आहे. ‘समंजस’ हे विशेषण इथे लागूच पडत नाही, आणि माझ्या दृष्टीने कथेचा सगळ्यात मोठा विजय हाच आहे.

जिंकल्यावर तो मवाळ होतो. मित्र चिमटा हाताळायला मागतात, बदल्यात आपली खेळणी देतात. हामिद एकेक खेळणं हातात घेऊन पाहतो. आधी नकळत पुढे गेलेले ते हात आता तृप्त होतात. मग तो मित्रांची समजूत काढतो : मी तुम्हाला चिडवत होतो, लोखंडाचा चिमटा या खेळण्यांची बरोबरी काय करणार! वाटेत महमूदला केळी मिळतात आणि तो त्यातली फक्त हामिदला देतो. रेवडीचा हिशेब केळ्याने पूर्ण झाला. प्रेमचंद तसं म्हणत नाहीत, पण वस्तूला वस्तू जोडून ठेवतात.

फुटलेली खेळणी आणि रडणारी आजी

मित्रांच्या खेळण्यांचा शेवट मला कथेतला सर्वांत सोयीस्कर भाग वाटतो. भिश्ती बहीण-भावाच्या ओढाताणीत फुटतो, वकिलाचा पुतळा त्याला वारा घालता घालता खाली पडतो, शिपायाचा पाय मोडतो आणि उंबराचा चीक लावूनही तो जुळत नाही. हामिदने सांगितलं तसं सगळं घडतं, जरा जास्तच शिस्तीत. हा भाग तरतो तो निवेदकाच्या गमतीदार तपशिलांमुळे. वकिलाचा मान राखण्यासाठी फळीवर मांडलेला दरबार वाचताना हसू येतं. आणि आणखी एका कारणाने : हामिदला हे काहीच कळत नाही. आपलं भाकीत खरं ठरल्याचा आनंद त्याला मिळत नाही. तो मिळाला असता तर तो आपल्याला दुरावला असता.

आता हामिदचं घर. स्वगतात त्याने जो प्रसंग रंगवला होता, त्याच्या नेमका उलटा प्रसंग घडतो. अम्मा धावत येते खरी, उचलून घेते, पण हातातला चिमटा पाहून छाती पिटते. दुपार झाली, काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, आणि आणलं काय तर चिमटा! सगळ्या जत्रेत दुसरी वस्तू मिळाली नाही? हामिद अपराधी आवाजात सांगतो की तुझी बोटं तव्यावर भाजायची म्हणून घेतला.

‘अपराधी’ हा एक शब्द इथे सगळं काम करतो. हा मुलगा आशीर्वाद घ्यायला आला होता आणि आता सफाई देतोय. बंदूक, वाघ, रुस्तम-ए-हिंद सगळं गळून पडलं, जत्रेत एकदाही न उच्चारलेलं खरं कारण आता, ओरडा खाल्ल्यावर, एका साध्या वाक्यात आलं. त्यात एकही अलंकार नाही. एवढा वेळ शब्दांची आतषबाजी करणाऱ्या मुलाचं इतकं सपाट वाक्य ऐकून अमीनाचा राग विरघळतो, आणि वाचकाचाही धीर तिथेच सुटतो. आधीची चार पानांची फुशारकी नसती तर हे वाक्य एवढं उघडं वाटलं नसतं.

यानंतर निवेदक पुढे येऊन समजावतो : मुलाने केवढा मोह आवरला असेल, दुसऱ्यांना खेळणी घेताना, मिठाई खाताना पाहून त्याचं मन किती ललचावलं असेल, तिथेही त्याला म्हाताऱ्या आजीची आठवण राहिली. मग तो सांगतो की लहान हामिदने म्हाताऱ्या हामिदची भूमिका केली आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली. या ओळी वर्गात सर्वाधिक वाचल्या जातात. माझं मत वेगळं आहे. जत्रेला निघताना ‘तू घाबरू नकोस’ म्हणणाऱ्या हामिदने ही अदलाबदल आधीच दाखवली होती. निवेदकाने ती बोलून दाखवली नसती तरी ती पोचली असती. त्या काळच्या नियतकालिकांमधल्या कथेत निवेदकाने वाचकाशी असं थेट बोलणं नेहमीचं होतं, त्यामुळे प्रेमचंदांना दोष देत नाही. पण ‘त्यागी, समंजस’ या उत्तराचा उगम या ओळींत आहे, हे खरं. कथाभर दाखवलेला मुलगा बाजूला राहतो आणि शेवटी सांगितलेला मुलगा पाठ होतो.

मात्र प्रेमचंद त्या ओळींवर कथा संपवत नाहीत. अमीना पदर पसरून नातवासाठी दुवा मागत राहते, डोळ्यांतून मोठमोठे थेंब गळत राहतात, आणि निवेदक म्हणतो की हामिदला यातलं रहस्य काय कळणार! म्हाताऱ्या हामिदला कळलं असतं. या एका वाक्याने लेखकाने आधीच्या ओळींतलं म्हातारपण हामिदच्या खांद्यावरून उतरवून ठेवलं. दुवा तर त्याला मिळतात, अगदी मनात रंगवल्या होत्या तशा, पण त्या रडत रडत येतात आणि त्याला ओळखता येत नाहीत. शेजारणी आलेल्या नाहीत, गावात चर्चा झालेली नाही. आणि चिमटा घेऊन धावत धावत सगळ्यांना दाखवायचा, हा त्याच्या बेतातला भाग आजीने अजून केलेला नाही.